खुर्चीतले शंभर तास

अर्जात एकूण सतरा रकाने होते. पहिल्या सोळांत काटेसाहेबांनी नुसतं नाक खुपसलं. सतराव्यात ते तोंडासकट अडकले.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची तीस वर्षं झाली होती आणि दुकानदारांचे काटे तपासता तपासता हे नाव त्यांना चिकटलं होतं. कामात त्यांनी कधी भीड ठेवली नाही. इमारतीच्या तळमजल्यावरच्या वाण्याचा तराजू त्यांनी एका सकाळी जप्त केला आणि संध्याकाळी त्याच्याकडेच किलोभर साखर घ्यायला गेले. वाणी म्हणाला, "साहेब, साखर आहे. मोजू कशावर?" त्या घरात चार दिवस बिनसाखरेचा चहा झाला. कायदा तो कायदा, असं काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या बायकोने मात्र त्या चार दिवसांची नोंद मनात ठेवली.

तर अशा घरात लेकीने जाहीर केलं की तिला दंतवैद्य व्हायचंय, आणि तेही परदेशात, आणि तेही आखूड वाटेने. शाळेचं शेवटचं वर्ष चालू होतं. तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरून समजावलं, की तिकडे आधी चार वर्षं साधं महाविद्यालय आणि मग चार वर्षं दातांचं शिक्षण, अशी आठ वर्षं लागतात. पण काही मोजक्या ठिकाणी दोन्ही मिळून सात वर्षांत होतं, आणि दातांच्या महाविद्यालयातली जागा शाळेतून निघतानाच पक्की मिळते.

"म्हणजे एक वर्ष कमी भरतंय," काटेसाहेब म्हणाले. कमी भरणं हा त्यांच्या लेखी दखलपात्र गुन्हा होता.

"कमी नाही बाबा, दाबून भरलेलं."

हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्या क्षणापासून हा अर्ज त्यांचा झाला.

अशी महाविद्यालयं यादीत त्रेचाळीस होती. त्यांतली परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी किती, हे शोधायला बापलेकीला तीन रविवार लागले. उत्तर आलं, तीन. ही बातमी वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरांना कळली. ते एका बँकेतून निवृत्त झाले होते आणि आता पूर्णवेळ सल्ला देत असत. त्यांचा एक भाचा परदेशात होता. काय करत होता ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, पण तो तिथे होता हे पुरेसं असे.

"तीनच ठिकाणी कसला अर्ज करता?" मॅनेजर म्हणाले. "त्रेचाळीस ठिकाणी करा."

"बाकीचे परदेशी मुलांना घेतच नाहीत."

"म्हणून तर करायचा. तिथे गर्दी नसते."

काटेसाहेबांनी यावर प्रामाणिकपणे दोन दिवस विचार केला, हे त्यांच्या तेव्हाच्या मनःस्थितीवरून समजून घ्यावं. घरात सगळंच उधाणलेलं होतं. त्या तीन महाविद्यालयांपैकी एकाला मुलीच्या हाताची सफाई पाहायची होती. तिने काहीतरी कोरून त्याचे फोटो पाठवायचे होते. लेकीने साबणाच्या वड्यांतून दाढा कोरायला घेतल्या. पहिल्या बारा दाढा बिघडल्या आणि न्हाणीघरात गेल्या. महिनाभर घरातली माणसं वरच्या जबड्याच्या दाढांनी अंघोळ करत होती. काटेसाहेब तर दाढ हातात धरून, "ही तिसरी मुळी जरा आखूड झाली गं," असं आतून ओरडून सांगत.

त्या दिवसांत लेक शाळा सुटली की रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जाऊन बसायची. तिथल्या डॉक्टर साठीच्या होत्या. हात हलका, बोलणं जड. अर्जाच्या सतराव्या रकान्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्याने दंतवैद्याजवळ राहून किमान शंभर तास काम पाहिलेलं असावं, आणि तासांच्या वहीवर त्या दंतवैद्याची सही असावी. डॉक्टरांनी तिला एक स्टूल दिलं आणि एकच नियम सांगितला, "विचारायचं ते पेशंट गेल्यावर."

तिथे बसायला लागल्यावर लेकीची नजर बदलली. ती जेवताना माणसांच्या ताटाकडे न बघता जबड्याकडे बघू लागली. एका संध्याकाळी तिने घास खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही सगळं उजव्याच बाजूने का चावता?"

"सवय आहे."

"डावीकडे काय आहे?"

"डावीकडे शांतता आहे," काटेसाहेब म्हणाले, "ती तशीच राहू दे."

"अकरा वर्षं झाली त्या शांततेला," बायको म्हणाली. ती वाचनालयात काम करायची आणि कमी बोलायची. जे बोलायची त्याला तारीख असायची. "गार पाणी प्यायलात की डोळा मिटता."

काटेसाहेबांनी विषय बदलला. बाजारातले गुंड त्यांच्या अंगावर आले होते, एकदा तर एकाने पाच किलोचं वजन उगारलं होतं. तेव्हा ते हलले नव्हते. पण दवाखान्यातली ती मागे कलणारी खुर्ची रस्त्यावरूनसुद्धा दिसू नये म्हणून ते तिथून मान फिरवून चालत. लेकीचा डबा द्यायची वेळ आली तर उंबरठ्याबाहेरून हात लांब करत.

मध्येच शाळेच्या गुणपत्रकाचं प्रकरण झालं. गुणपत्रक शाळेनेच पाकिटात बंद करून, चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का मारून द्यायचं आणि ते न उघडता पाठवायचं, असा नियम होता. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंनी तसं पाकीट दिलं. काटेसाहेब ते घरी घेऊन आले, दिव्यासमोर धरलं, हलवलं, आणि फोडलं.

"बाबा."

"न तपासता पाठवायचं? आपल्या घरातून?"

आणि आत खरोखरच चूक निघाली. जीवशास्त्राच्या एक्याण्णवाचे एकोणीस झाले होते. काटेसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी मॅनेजरांना खाली बोलावून तो आकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी चूक कबूल केली, नवं पाकीट दिलं आणि बजावलं, "साहेब, सील फोडायचं नाही." काटेसाहेबांनी ते जिन्यापर्यंत आणलं. दुरुस्ती खरंच झाली आहे की नाही, हे बघितल्याशिवाय त्यांना पायरी उतरता येईना. झालेली होती. तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांना समोरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं, पाकीट स्वतः बंद केलं आणि त्यांच्या डोक्यावरून थेट कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर असा अविश्वास कोणी दाखवला नव्हता. घरी येऊन ते म्हणाले, "बाई कामाच्या आहेत. पण वागणं बरं नाही."

हा अपमान भरून काढायलाच जणू त्यांनी तासांची वही हाती घेतली.

अर्ज पाठवायला नऊ दिवस उरले होते. वहीत लेकीने एकशे बारा तास लिहिले होते. म्हणजे बारा तास जास्तच. घर निवांत होतं. काटेसाहेबांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर विचारलं, "हे मंगळवारचे तीन तास. तीन तास पेशंट खुर्चीत होता?"

"नाही, दोघे आले होते. मधे कोणी नव्हतं."

"मधे काय पाहिलंस?"

"डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होत्या."

"वर्तमानपत्र वाचणं हे दंतवैद्यक नव्हे," काटेसाहेब म्हणाले आणि लाल रेघ मारली.

त्यांनी सगळी वही अशी तपासली. चहा वजा, वीज गेलेली ती दुपार वजा, औषध कंपनीचा माणूस येऊन बोलत बसला तो पाऊण तास वजा. शेवटी बेरीज आली एकसष्ट. लेक त्या आकड्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले तेव्हा काटेसाहेबांच्या लक्षात आलं, की आपण पहिल्यांदाच आपल्याच माणसाचा तराजू जप्त केलाय.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" बायकोने विचारलं.

"खोटं वजन आपल्या घरातून जाणार नाही. पण वजन भरून देईन. नऊ दिवसांत एकोणचाळीस तास." मग जरा खालच्या आवाजात ते लेकीला म्हणाले, "तू महाविद्यालयांना ईमेल करून विचारून घे. तास नेमके कसे मोजायचे ते."

लेकीने त्याच रात्री विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"काय म्हणतात?"

तिने क्षणभर आईकडे पाहिलं. "मोजणं चोख असलं म्हणजे झालं, म्हणतात. तुमचं चालू द्या, बाबा."

मग काटेसाहेबांनी जे केलं त्याला त्यांच्या खात्यात मोहीम म्हणतात. त्यांनी खात्यातून आणि लेकीने शाळेतून नऊ दिवसांची रजा काढली. दवाखान्यात पेशंट कमी, हा मूळ दोष होता. तेव्हा त्यांनी इमारतीत दारोदार फिरून दात गोळा केले. कोणाची कीड, कोणाची पडलेली चांदी, कोणाची वर्षानुवर्षं चुळबुळणारी अक्कलदाढ, अशी मजलावार यादी झाली. डॉक्टरांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तीस वर्षांत या इमारतीतून मला सहा माणसं मिळाली. तुम्ही आधी का नाही आलात?" काटेसाहेब उंबरठ्याबाहेरूनच हसले, तोंड न उघडता.

पहिला आला तळमजल्याचा वाणी. खुर्चीत बसण्याआधी तो काटेसाहेबांना म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी नाही आलो. पोरगी गुणी आहे म्हणून आलो. दात काढला तर वजन करून परत द्या." त्याने एक तास वीस मिनिटं दिली. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंना कोणी कळवलं कोण जाणे. त्या दोन दाढा घेऊन आल्या आणि अडीच तास देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "या वहीला सील नाही ना? नाहीतर साहेब फोडतील." दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तर तोंडात टाचण्या धरून धरून पुढच्या दातांना पडलेल्या खाचा भरून घेऊन इतक्या खूश झाल्या की नणंदेला घेऊन पुन्हा आल्या.

लेक स्टुलावरून उठून आता खुर्चीजवळ उभी राहू लागली. रोज घरी येऊन ती दिवसभर पाहिलेलं सगळं हातवारे करून सांगायची आणि काटेसाहेब उजव्या बाजूने जेवत, गळ्यात खात्याचं स्टॉपवॉच अडकवून, ते ऐकायचे. ते रोज दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर, आता मान न फिरवता, उभे असत. पेशंटची पाठ खुर्चीला टेकली की कळ दाबायची, उठला की पुन्हा दाबायची. घरात इतका उत्साह त्यांना आठवत नव्हता. शेवटच्या शुक्रवारी सकाळी बेरीज आली अठ्ठ्याण्णव तास तीस मिनिटं.

उरला दीड तास. त्यासाठी मॅनेजरांना राखून ठेवलं होतं. त्यांच्या एका दाढेचं काम डॉक्टरांच्या अंदाजाने बरोबर दीड तासाचं होतं. वेळ साडेअकराची. एक वाजता दवाखाना बंद व्हायचा, दुपारी डॉक्टर गावाला निघायच्या, आणि संध्याकाळी पाचला अर्जाची मुदत संपायची.

साडेअकराला मॅनेजर आले नाहीत. काटेसाहेब धावत त्यांच्या दारापर्यंत गेले. कुलूप. कुलपाला चिठ्ठी: "बहिणीकडे जातो आहे. दाढ आता दुखत नाही. माझा सल्ला असा की मुलीने अर्ज पुढच्या वर्षी करावा."

काटेसाहेब परत आले तेव्हा लेक दारात उभी होती, पांढरा अंगरखा घालून. मागे खुर्ची रिकामी होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस. त्यांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. एरवी ज्या रस्त्यावर माणसाला माणूस खेटतो, तिथे त्या वेळी एक सायकल भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला दात नव्हते.

"डावीकडे," काटेसाहेब म्हणाले.

"काय डावीकडे, बाबा?"

"खालची. शेवटून दुसरी," असं म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडला.

डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही अजून उभी आहे हे तिचं मोठेपण. मुळापर्यंत साफ करावी लागेल." खुर्ची मागे कलली. काटेसाहेबांनी डोळे मिटले आणि पोटावर ठेवलेल्या स्टॉपवॉचची कळ दाबली.

पुढचं त्यांना तुकड्यातुकड्याने आठवतं. एक सुई, मग ओठ कोणीतरी उचलून नेल्यासारखा वाटणं, एक किणकिणणारा आवाज. आणि सगळ्यात स्पष्ट म्हणजे डोक्यामागून येणारा लेकीचा आवाज, जो त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. शांत, सावकाश, कामाचा. "आता थोडं पाणी येईल. हां, असंच. झालंच आहे." ती तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरून उभी होती आणि तिचा हात जराही हलत नव्हता. मोठ्या काट्याची सुईसुद्धा वाऱ्याने थरथरते. हा हात थरथरत नव्हता.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "उठा."

काटेसाहेबांनी स्टॉपवॉच डोळ्यांसमोर धरलं. एक तास दहा मिनिटं. वीस मिनिटं कमी. ते उठले नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं, तोंड पुन्हा उघडलं आणि उजवीकडे दाखवलं.

"तिकडे काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"थाफ कला," काटेसाहेब सुन्न ओठांनी म्हणाले. "थगळे. वीथ मिनितं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि बत्तीसही दात घासायला घेतले. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी वहीवर सही केली. अर्ज पावणेपाचला गेला. लेक सतरावा रकाना भरत होती तेव्हा काटेसाहेब गाल धरून पलंगावर पडले होते, त्यामुळे अर्जाचा हा एकच रकाना त्यांच्या तपासणीतून सुटला.

दीड महिन्याने पहिल्या महाविद्यालयाचं पाकीट आलं. ते इतकं पातळ होतं की काटेसाहेबांनी फोडण्याआधीच त्यांचा चेहरा उतरला. एक कागद, नकार. आठवड्याने दुसरं, तेवढंच, नकार. त्यांच्याकडे खात्याने मोडीत काढलेला आणि त्यांनी घरी दुरुस्त केलेला एक छोटा पितळी काटा होता. त्यांनी दोन्ही पाकिटं त्यावर ठेवून पाहिली. प्रत्येकी सात ग्रॅम. "बघ," ते बायकोला म्हणाले, "नकाराचंही प्रमाण वजन ठरलेलं आहे." पण या विनोदावर त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही. लेक दोन दिवस साबणाला शिवली नाही.

मग तिसऱ्याने मुलाखतीला बोलावलं, संगणकावर, इथल्या पहाटे साडेपाचला. लेक पुढच्या खोलीत टेबलाशी बसली. स्वयंपाकघराच्या दाराआड काटेसाहेब आणि बायको उभे राहिले. पलीकडची बाई भरभर बोलत होती. काटेसाहेबांना ती भाषा कागदावर कळायची, कानावर नाही. बायको कुजबुजत सांगत होती.

"ती विचारतेय, अर्जात दोन आकडे का लिहिलेत."

काटेसाहेबांनी चष्मा वर सरकवला. "कुठले दोन?"

"दवाखान्यात हजर, एकशे अडुसष्ट तास. त्यांपैकी पेशंट खुर्चीत असताना, शंभर. ती म्हणते, इतक्या वर्षांत असा हिशेब आम्हाला कोणी दिला नाही. हे वेगळं कोणी केलं?"

"काय म्हणाली आपली?"

"वडिलांनी, म्हणाली."

काटेसाहेब ताठ झाले.

"आता ती विचारतेय," बायको हळूच म्हणाली, "की आम्ही तर तुला कळवलं होतं, हजर असलेला सगळा वेळ धरायचा. तुझे शंभर केव्हाच झाले होते. मग पुढचे नऊ दिवस कशासाठी?"

काटेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने ओट्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"गप्प बसा. ऐकू द्या." ती कान देऊन ऐकत होती. "आपली म्हणतेय, एक पेशंट शिल्लक होता. अकरा वर्षं एकाच बाजूने जेवत होता. समजावून ऐकणाऱ्यांतला नव्हता. त्याला फक्त कमी भरलेलं वजन बघवत नाही. म्हणून मी वजन कमीच राहू दिलं."

पुढच्या खोलीत पलीकडची बाई हसली. हसणं कोणत्याही भाषेतलं कळतं.

काटेसाहेब चार दिवस लेकीशी तुटक बोलले. आपल्याला चक्क फसवण्यात आलं, असं त्यांनी मॅनेजरांना सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "मी म्हणूनच बहिणीकडे गेलो होतो." पाचव्या दिवशी काटेसाहेबांनी गार पाण्याचा पेला तोंडाला लावला, डोळा न मिटता रिकामा केला, आणि लेकीला विचारलं, "त्या साबणाच्या दाढेची तिसरी मुळी जमली का गं?"

तिसरं पाकीट आलं त्या दुपारी लेक दवाखान्यात होती. तास कधीच भरले होते, तरी ती जायची. पाकिटावर तिचं नाव होतं आणि मागे शिक्का. काटेसाहेबांनी ते टेबलावर ठेवलं. दिव्यासमोर धरलं नाही, हलवलं नाही. समोर खुर्ची ओढून बसले आणि बशीतले शेंगदाणे एक एक करून डाव्या बाजूने चावत राहिले. बायको दुरून बघत होती. तिने त्यांना इतका वेळ एखाद्या बंद पाकिटासमोर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी ते उठले, कपाटातून पितळी काटा काढला, सुई शून्यावर आहे ना ते वाकून पाहिलं आणि पाकीट हलकेच पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. त्यांनी एक वजन टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. आणखी दोन अगदी बारकी वजनं पडली तेव्हा सुई मधोमध आली.

"अहो," बायकोने विचारलं, "काय निघालं?"

काटेसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"एकशे अठरा ग्रॅम," ते म्हणाले. "सील शाबूत आहे. तिला बोलाव."